सल्ला द्यायला कोणाला बोलवायचं?

आपल्या हॉस्टेलमध्ये ‘कमिटी’ म्हटलं की आधी मेस कमिटी आठवते. दरवर्षी जुलैमध्ये नोटीस बोर्डावर नावं लागतात, पहिल्या आठवड्यात श्रीखंड होतं आणि ऑगस्टपासून पुन्हा तीच पातळ डाळ. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागेल. ज्या वर्षी कमिटीत रोज मेसमध्ये जेवणारी मुलं असतात त्या वर्षी डाळ थोडी तरी घट्ट होते. ज्या वर्षी बाहेरचा डबा लावलेली मुलं कमिटीत जातात त्या वर्षी फक्त मेसच्या भिंतीला रंग लागतो.

हे सगळं मला दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत, विठ्ठलवाडीतल्या एका सत्कार समारंभात खुर्च्या मांडताना सुचलं. तेव्हा हसू आलं होतं. नंतर आलं नाही.

आमचं घर विठ्ठलवाडीला. कल्याण सोडून कर्जतच्या बाजूला निघालं की पहिलंच स्टेशन. पुढचं उल्हासनगर, मग अंबरनाथ. आमच्या गल्लीपलीकडे एक धर्मादाय संस्था सहा महिन्यांचा ‘शिलाई मशीन दुरुस्ती’ वर्ग चालवते. दहावी झालेली किंवा दहावीत अडकलेली मुलं तिथे येतात. इलेक्ट्रिकलचा विद्यार्थी म्हणून मी सुट्टीत तिथे मोटरचे दोन-चार तास घ्यायचो. संस्थेला देणगी देणाऱ्यांनी अट घातली होती की वर्गाला ‘सल्लागार समिती’ हवी. सरांनी समिती केली आणि अक्षर बरं म्हणून इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आलं.

समितीत चौदा जण होते. एक माजी नगरसेवक, एक बँकेचे निवृत्त अधिकारी, दोन डॉक्टर, एक मुख्याध्यापक, एक वकील, बाकीचे देणगीदार आणि त्यांचे स्नेही. सगळी भली माणसं, हे मुद्दाम सांगतो. शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन झालं. मग सूचना आल्या. मुलांना शिस्त लावा. संगणक शिकवा. इंग्रजी संभाषणाचा तास ठेवा. व्यसनमुक्तीवर व्याख्यान ठेवा. मी दीड पान इतिवृत्त लिहिलं. रात्री घरी वाचताना लक्षात आलं की त्या दीड पानात ‘शिलाई मशीन’ हा शब्द फक्त मथळ्यात आहे.

माझा मावसभाऊ त्याच तुकडीत होता. सहा महिने एकही खाडा नाही. प्रमाणपत्र घेऊन तो उल्हासनगरच्या एका जीन्सच्या कारखान्यात मेकॅनिकचा मदतनीस म्हणून लागला. दुसऱ्या दिवशी एक सिंगल नीडल मशीन बंद पडली. हा खाली वाकला, मोटर सोडवली आणि क्लच प्लेट शोधत बसला. त्या मोटरला क्लच नव्हताच. ती सर्वो मोटर होती. बिघाड मोटरमध्येही नव्हता, पायडलच्या सेन्सरची पिन सैल झाली होती आणि वरच्या डब्यावर एरर कोड झळकत होता. तो कोड वाचायचा असतो हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. शिफ्टभर मशीन बंद, ऑर्डर अडकलेली. तिसऱ्या दिवशी त्याला ‘गरज लागली की बोलावतो’ असं सांगितलं गेलं. घरी येऊन तो मला एवढंच म्हणाला, “दादा, तूच तर मोटर शिकवलीस ना?”

खरं होतं. मीच शिकवली होती, आणि ती क्लच मोटर होती. कारण वर्गात तीच होती.

इथे थोडं तांत्रिक सांगतो, मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलवाल्यांनी सोडून दिलं तरी चालेल. जुन्या कारखानी मशीनखाली इंडक्शन मोटर असते. स्विच टाकला की ती सतत फिरत राहते. कारागीर पाय दाबतो तेव्हा क्लच लागतो आणि मशीन चालतं. म्हणजे कारागीर कापड जुळवत असला, चहा पीत असला, तरी मोटर फिरतेय आणि मीटरही फिरतोय. सर्वो मोटर पाय दाबला तरच फिरते. वीज वाचते, घरघर कमी होते, वेग हवा तसा ठेवता येतो, सुई वर किंवा खाली थांबवता येते. त्यामुळे कारखानदार भराभर तिकडे वळले. पण सर्वोसोबत इलेक्ट्रॉनिक कंट्रोल बॉक्स आला, सेन्सर आले, केबली आल्या. पान्हा आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन आयुष्य काढलेल्या मेकॅनिकच्या हातात मल्टिमीटर आला. आमच्या आसपासच्या प्रत्येक कारखान्याला हे माहीत होतं. वर्गाला माहीत नव्हतं, आणि वर्गाच्या चौदा सल्लागारांना माहीत असण्याचं काही कारणच नव्हतं.

मग मी समिती या प्रकाराच्या मागेच लागलो. वाचनालयात बसलो, दोन आयटीआयच्या शिक्षकांना भेटलो. कळलं की आपल्याकडे या गोष्टीचा बराच विचार झालेला आहे, फक्त तो आपल्या कानावर येत नाही.

तसं पाहिलं तर कल्पना जुनीच आहे. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आपली व्हीजेटीआय, सुरू झाली ती गिरण्यांना तंत्रज्ञ हवे होते म्हणून. गिरणीमालक पेटिट घराण्याने भायखळ्याला जागा दिली. माटुंग्याला संस्था १९२३ मध्ये गेली. ज्यांना माणूस हवा त्यांनीच शिक्षणात लक्ष घालायचं, हा विचार तिथे पहिल्या दिवसापासून होता. स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळालं, आणि पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, केंद्राची कारागीर प्रशिक्षण योजना आली. आज आपण आयटीआय म्हणतो त्या सगळ्या त्याच योजनेची लेकरं. अभ्यासक्रम देशपातळीवर ठरायचा, परीक्षा देशपातळीवर व्हायची. त्याने प्रमाणपत्राला सगळीकडे मान मिळाला हे नक्की. पण शेजारच्या कारखान्यात काय बदललं हे आयटीआयच्या कानावर यायला अधिकृत वाट राहिली नाही.

ती वाट काढायचा मोठा प्रयत्न २००७-०८ मध्ये झाला. देशातल्या १३९६ शासकीय आयटीआय सार्वजनिक-खाजगी भागीदारीतून सुधारायच्या अशी योजना आली. प्रत्येक आयटीआयला एक उद्योग भागीदार. त्याच्या पुढाकाराने संस्था व्यवस्थापन समिती, जिला सगळे ‘आयएमसी’ म्हणतात. ही समिती सोसायटी म्हणून नोंदवायची आणि तिला केंद्राकडून अडीच कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज. पहिली दहा वर्षं फेड नाही, नंतर वीस वार्षिक हप्ते. शिवाय वीस टक्क्यांपर्यंत जागांचे प्रवेश ठरवायचा अधिकार.

समितीची रचना बघण्यासारखी आहे. अध्यक्ष उद्योग भागीदाराचा. त्याने सुचवलेले स्थानिक उद्योगांतले चार सदस्य. राज्य शासनाने नेमलेले पाच : जिल्हा रोजगार अधिकारी, संचालनालयाचा एक प्रतिनिधी, स्थानिक शिक्षणक्षेत्रातला एक जाणकार, शिक्षकांचा एक आणि प्रशिक्षणार्थींचा एक प्रतिनिधी. प्राचार्य सदस्य-सचिव. एकूण अकरा जण. कागदावर हे मला आवडलं. विशेषतः प्रशिक्षणार्थीला खुर्ची दिली हे. (आपल्या मेस कमिटीची आठवण इथे पुन्हा झाली, असो.)

आयएमसी ही खरं तर निव्वळ सल्लागार समिती नाही. तिच्याकडे पैसा आहे, ती आराखडा बनवते, खर्च करते. सल्लागार समितीकडे यातलं काहीच नसतं. तिचं काम फक्त बाहेरचं जग वर्गात आणणं. पण दोघींची अडचण एकच असते. एका आयटीआयच्या निदेशकांनी मला सांगितली ती अशी : उद्योगातून कोण येतं? मोठी कंपनी असेल तर एचआरचा माणूस येतो, आणि तोही दर बैठकीला वेगळा. त्याला हजेरी, गणवेश, मुलाखत याबद्दल बोलता येतं. लेथच्या चकमध्ये मुलाचा हात नेमका कुठे चुकतो हे त्याला ठाऊक नसतं. ते ठाऊक असतं शॉपफ्लोअरवरच्या सुपरवायझरला, आणि सुपरवायझरला कंपनी बैठकीला सोडत नाही.

त्या अकरा जणांच्या यादीत आणखी एक माणूस नाही. कामगार. मालक आहे, सरकार आहे, शिक्षक आहे, विद्यार्थीही आहे. पण जो ते काम रोज आठ तास करतो त्याला स्वतंत्र खुर्ची नाही.

जर्मनीत हे वेगळं आहे. तिथल्या १९६९ च्या व्यवसाय प्रशिक्षण कायद्याप्रमाणे प्रत्येक चेंबरकडे एक समिती असते : मालकांचे सहा, कामगारांचे सहा आणि व्यवसाय शाळांच्या शिक्षकांचे सहा. गंमत म्हणजे शिक्षकांची भूमिका मुख्यतः सल्ल्याची, निर्णय मालक आणि कामगार मिळून करतात. परीक्षा घेणाऱ्या समितीतही मालक आणि कामगार समसमान, आणि किमान एक शिक्षक. आपल्याकडचे प्राध्यापक हे वाचून खट्टू होतील कदाचित. पण उमेदवाराला ‘हा आमच्यातला कारागीर झाला’ असं म्हणायचा मान कारागिराला दिलेला आहे, हे मला पटतं.

आपल्याकडे मे २०२५ मध्ये पुन्हा मोठा घाट घातला गेलाय. एक हजार शासकीय आयटीआयसाठी ६०,००० कोटींची योजना. त्यात २०० मुख्य आणि त्यांना जोडलेल्या ८०० अशी रचना, आणि पुन्हा उद्योगांच्या हातात पुढाकार. इमारती होतील, मशिनरी येईल. खुर्च्यांवर कोण बसतं ते बघायचं.

आता आमच्या गल्लीत परत येतो. मावसभावाचं प्रकरण मी सरांना जसंच्या तसं सांगितलं. सर रागावतील असं वाटलं होतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “जुनी समिती मोडता येणार नाही. ती माणसं दुखावतील आणि देणग्या जातील. पण दुसरी करू. तिला नाव नको देऊ.” म्हणून जुन्या चौदांना ‘आश्रयदाते’ केलं (सगळे खूश झाले) आणि आम्ही माणसं शोधायला निघालो.

पहिला नियम आम्ही असा केला : गेल्या सहा महिन्यांत ज्याचा हात किंवा पैसा शिलाई मशीनमध्ये अडकलेला आहे त्यालाच बोलवायचं. त्यातून सात जण मिळाले. पंधरा-वीस मशीनचा कारखाना चालवणारे एक मालक. पाठीवर बॅग टाकून कॅम्प चारपासून पाचपर्यंत स्कूटरवर फिरणारा एक मेकॅनिक. बारा वर्षं मशीनवर बसलेल्या एक ताई, आता लाइनवर देखरेख करतात. आयटीआयमधले एक निदेशक. वर्गाचे शिक्षक. माझा मावसभाऊ, कारण वर्गात काय शिकवलं नाही हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. आणि सातवा, ज्याच्याबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे, तो म्हणजे स्पेअर पार्टचा दुकानदार.

दुकानदाराचं नाव आम्हाला सुचलंच नव्हतं. मी हुक विकत घ्यायला गेलो होतो. सहज विचारलं, “काका, आजकाल सगळ्यात जास्त काय खपतं?” त्यांनी वहीच उघडली. कोणता पार्ट किती गेला, कोणत्या महिन्यात गेला, कोणत्या मेकॅनिकने चुकीचा नेऊन परत आणला, सगळं लिहिलेलं. क्लच प्लेट विचारणारं गिऱ्हाईक आता क्वचित येतं म्हणाले. पायडलचे सेन्सर, कंट्रोल बॉक्सची कार्डं आणि जाड कापडाच्या सुया, याच तीन गोष्टींवर दुकान चालतं. शंभर तज्ज्ञांची परिषद भरवून जे कळलं नसतं ते मला काउंटरवर पाच मिनिटांत कळलं. तुमच्या गावात ट्रॅक्टर दुरुस्तीचा, पंपाचा, मोबाइलचा, कसलाही वर्ग असो, पार्ट विकणाऱ्याला समितीत घ्याच. काय बिघडतं याची सगळ्यात खरी नोंद त्याच्याकडेच असते.

बोलावणं सोपं, आणणं कठीण. फिरत्या मेकॅनिकचा एक तास म्हणजे एक मशीन, आणि त्याची रोजी मशीनवर. तो फुकट का येईल? वर्गाच्या हॉलमध्ये बैठक ठेवली तर मालकही येणार नाहीत, कारण त्यांच्या मागे कारखाना थांबतो. म्हणून बैठक त्यांच्याच कारखान्यात, रात्री शिफ्ट सुटल्यावर. वेळ सव्वा तास, त्यापुढे एक मिनिट नाही. मेकॅनिकला आणि ताईंना त्या वेळेचे पैसे. यावर सरांशी माझा वाद झाला. सर म्हणाले, सल्ला विकत घ्यायचा? मी म्हणालो, शालीवर खर्च केला तेवढ्यात दोघांची रात्र भागते. शेवटी ‘प्रवासखर्च’ असं लिहून मार्ग निघाला.

पहिल्या बैठकीत मी पुन्हा तीच चूक केली. अभ्यासक्रमाच्या झेरॉक्स वाटल्या आणि विचारलं, “कसा वाटतो?” सगळे म्हणाले, “चांगला आहे.” मेकॅनिकने तर कागद उलटा धरला होता, आणि त्याला वाचता येत नाही हे मला फार उशिरा लक्षात आलं. दोन मिनिटं कोणीच बोलेना. तेवढ्यात ताई म्हणाल्या, “ते कागद राहू दे. आज माझ्या चार मशीन बंद पडल्या, त्या का पडल्या ते विचार ना.”

तिथून बैठक सुरू झाली.

या पद्धतीला परदेशात नाव आहे हे मला नंतर कळलं. डेकम म्हणतात. १९६० च्या दशकात कॅनडात सुरू झाली आणि पुढे अमेरिकेत ओहायो राज्याच्या विद्यापीठाने ती पसरवली. त्यात पाच ते बारा कुशल कारागीर एका खोलीत बसवतात, शक्यतो दोन दिवस. एक जण फक्त प्रश्न विचारतो. कारागीर आपण करतो ती कामं एकेक करून सांगतात, ती कार्डांवर लिहून भिंतीवर लावतात, मग क्रम लावतात. शिक्षकांनी मागे बसून ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही. जो काम करतो तोच त्या कामाचं वर्णन सगळ्यात चांगलं करतो, एवढ्याच गोष्टीवर ती पद्धत उभी आहे. आमच्याकडे दोन दिवस नव्हते. सव्वा तास आणि जीन्सच्या कटिंगचे खाली पडलेले पुठ्ठ्याचे तुकडे होते. त्या तुकड्यांवर मी लिहीत गेलो आणि मावसभाऊ ते फरशीवर मांडत गेला. मेकॅनिकला वाचता येत नसल्यामुळे त्याने प्रत्येक तुकड्यावर खडूने चित्र काढून घेतलं : सुई, पाय, हुक, डबा.

एकूण एकोणतीस तुकडे झाले. सगळे इथे देत नाही. सगळ्यात वर आलं ते सुई तुटणं. जीन्समध्ये दोन शिवणी जिथे एकमेकींवर येतात तिथे कापडाचे थर एवढे होतात की सुई वाकते, हुकला घासते आणि तुटते. वर्गात आम्ही शिकवत होतो की सुई बदला. मेकॅनिक म्हणाला, सुई बदलून काय होणार, हुकचं टायमिंग बघ. सुई सगळ्यात खाली जाऊन साधारण दोन मिलिमीटर वर येते त्या क्षणी हुकचं टोक तिच्या डोळ्याच्या जरा वर, बरोबर सुईच्या मागे यायला हवं. ते मागेपुढे झालं की टाका सुटतो किंवा सुई जाते. हे त्याने अंधारात, बॅटरीच्या उजेडात, बोटाने मशीन फिरवून दाखवलं. मी तीन वर्षं इंजिनिअरिंग करतोय, पण एखादं टायमिंग इतकं स्वच्छ मला कोणी समजावलेलं नाही. दुसरं, तेलाचे डाग. ताईंचा मुद्दा होता : मशीन दुरुस्त होते पण मेकॅनिक तेल पुसत नाही, आणि पुढचे दहा पीस वाया जातात. हा मुद्दा कोणत्याही इंजिनिअरच्या डोक्यात येणार नाही. तिसरा कंट्रोल बॉक्स, आणि त्यात सगळ्यात आधी पिना घट्ट आहेत का ते बघणं. मावसभावाने तो तुकडा मांडताना माझ्याकडे बघितलं नाही.

सगळंच गोड झालं असं नाही. मेकॅनिक कंट्रोल बॉक्सबद्दल बोलायला लागला की आवाज बारीक करायचा. शेवटी त्यानेच सांगून टाकलं. दरवर्षी वीस मुलं बॉक्स दुरुस्त करायला शिकली तर मी खाऊ काय? याला काय उत्तर देणार? सल्लागार समितीच्या कुठल्याही पुस्तकात ‘हितसंबंध’ असं एक कोरडं प्रकरण असतं. इथे तो हितसंबंध समोर चहा पीत बसला होता, घरी तीन मुलं असलेला. आम्ही त्याला खोटं आश्वासन दिलं नाही. एवढंच ठरवलं की शेवटचे दोन महिने मुलं जोडीजोडीने त्याच्याबरोबर फिरतील, त्याचं काम हलकं होईल आणि त्या दिवसांचे पैसे संस्था देईल. तो लगेच ‘हो’ म्हणाला नाही. आठवड्याने म्हणाला.

मालकांची गोष्ट उलटी होती. त्यांचं म्हणणं, सहा महिने कशाला, सहा आठवडे पुरेत. माझ्याकडे सिंगल नीडल आहे, ओव्हरलॉक आहे, तेवढं शिकवा. बारटेक आणि फीड ऑफ द आर्म हवी कशाला? त्यांच्या बाजूने ते बरोबर होतं. त्यांना पुढच्या सोमवारी काम करणारा माणूस हवा होता. पण हाच मुलगा उद्या दुसऱ्या कारखान्यात गेला तर? आणि या धंद्याची खात्री तरी काय? वालधुनी नदीच्या प्रदूषणावरून जीन्स धुण्याच्या कारखान्यांवर बंदीची कारवाई झाली तेव्हा शिवणाऱ्यांचं काय होणार ही धास्ती आमच्या भागाने बघितलेली आहे. ज्याला फक्त एकच मशीन येते त्याने अशा वेळी जायचं कुठे? म्हणून समितीने सल्ला दिला आणि संस्थेने तो नाकारला. चारही मशीन ठेवल्या. सहा महिने ठेवले.

पण नाकारलं ते लेखी, कारणासकट, आणि पुढच्या बैठकीत सगळ्यात आधी वाचून. मला वाटतं समिती टिकली ती या एका गोष्टीमुळे. मी एक साधी वही केली. डाव्या पानावर सूचना आणि कोणी केली ते. उजव्या पानावर काय केलं, कधी केलं, किंवा का नाही केलं. प्रत्येक बैठकीची सुरुवात उजव्या पानाने. मालक दुसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, “मेरी बात मानी नहीं, लेकिन लिखी तो सही.” आणि तिसऱ्यांदाही आले. माणसं आपलं ऐकलं नाही म्हणून यायची थांबत नाहीत. सूचना कुठे गेली तेच कळत नाही म्हणून थांबतात.

बाकी गोष्टी पटकन सांगतो. अध्यक्ष संस्थेचा नको, धंद्यातला हवा, नाहीतर सगळे सरांच्या तोंडाकडे बघत बसतात. आमच्या अध्यक्ष ताई आहेत. सात-आठपेक्षा जास्त माणसं नकोत. मुदत दोन वर्षं, पण सगळे एकदम बदलू नयेत. वर्षाला तीन बैठका खूप झाल्या, मधल्या काळात मीच दुकानात आणि कारखान्यात चक्कर मारतो. आणि सचिव असा हवा जो स्वतः बोलत कमी आणि लिहितो जास्त. हे मला अजून नीट जमलेलं नाही.

आपल्या प्राध्यापकांसाठीही एक वाक्य, राग मानू नये. एनबीए आली की कुठल्याही कॉलेजात विभागाचं सल्लागार मंडळ जागं होतं, फाइल लाल कापडात बांधली जाते आणि मंडळ पुन्हा झोपतं. त्या फाइलमध्ये डावी पानं भरपूर असतात. एकदा कोणीतरी उजवी पानं मोजावीत.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा नवी तुकडी मेकॅनिकबरोबर फिरायला लागली होती. मावसभाऊ आता दुसऱ्या एका कारखान्यात आहे आणि बुधवारी संध्याकाळी वर्गात येऊन एरर कोड शिकवतो. मोटर मीच शिकवतो, पण आता सर्वो. वर्गाकडे सर्वो घ्यायला पैसे नव्हते, तो प्रश्न बैठकीत निघाला होता. स्पेअर पार्टवाले काका तेव्हा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा पोऱ्या हातगाडीवर एक गोणी घेऊन आला. आत गिऱ्हाइकांनी टाकून दिलेले बावीस बंद कंट्रोल बॉक्स आणि सहा सर्वो मोटरी. मुलांनी त्या फरशीवर ओतल्या आणि सगळ्यात आधी पिना तपासल्या. चार बॉक्स तेवढ्यानेच चालू झाले.